व्याह्यापासून लपवलेला तोटा

लोकसभेच्या निकालानंतर बडनेऱ्यात घडलेली ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, कारण त्या केसमध्ये फिर्यादीलाच फिर्याद द्यायची नव्हती.

रेल्वेतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. माझ्या पोलीस ठाण्यात आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेब, नाव लिहू नका. माया अकोल्याच्या व्याह्याले कळलं तर माई मान खाली जाईन."

निवडणुकीत बाजार कुठे जाणार हे आधीच सांगणारा एक 'सल्लागार' त्या व्याह्यांनीच गाठून दिला होता. निकालाच्या दिवशी बाजार धाडकन पडला आणि सल्लागार म्हणाला, तुमचे पैसे बुडाले. व्याह्यांना मात्र त्याच दिवशी घसघशीत फायदा! आता व्याही आपल्या निवृत्तीची सगळी पुंजी त्याच्या हवाली करायला निघाले होते.

एकाच माणसाच्या सल्ल्यावर एक बुडतो आणि दुसरा तरतो? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्यांची विनवणी बाजूला ठेवून व्याह्यांना बोलावून घेतलं. ते आले तेच तोऱ्यात. "काहून बोलावलं जी? मले तर फायदाच झाला!"

दोघांचे मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले. निकालाच्या आदल्या संध्याकाळी एकाला संदेश, 'उद्या बाजार चढणार.' दुसऱ्याला त्याच संध्याकाळी, 'उद्या बाजार पडणार.' आमच्या वऱ्हाडात माणूस सोयाबीनचा भाव गावभर सांगेल, पण व्याह्यासमोर तोटा कबूल करणार नाही. पठ्ठ्याने नेमकं हेच हेरलं होतं.

त्याला अमरावतीतल्या ऑफिसातून उचललं. आधी सरकार, स्थिरता, परदेशी पैसा असं मोठमोठं बोलला. मी बोलू दिलं. बोलका आरोपी आपलं काम हलकं करतो. मग एवढंच विचारलं, "शेअर कुठे घेतलेस ते दाखव." दाखवायला काही नव्हतंच. एक रुपयाही बाजारात गेलाच नव्हता. व्याह्यांचा फायदाही नुसता मोबाइलच्या पडद्यावरचा.

हे दोघांना बसवून सांगितलं, तेव्हा अकोल्याचे व्याही आपल्या इवायाकडे, म्हणजे आमच्या फिर्यादीकडे वळले. "इवाई, मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी हासले असते."

"हासलो असतो जी," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. तोटा झाकत का होईना, ठाण्यात आलेल्या या भल्या माणसामुळेच व्याह्यांची पुंजी वाचली होती. मग फिर्याद नाव-गावासकट लिहिली गेली. आरोपीचं खातं गोठवलं आणि कोर्टामार्फत बरेचसे पैसे परतही मिळाले.

निवडणूक आली की बाजार वर-खाली होणारच, त्यात गुन्हा नाही. पण शेअर स्वतःच्या नावावर दिसत नसतील तर छातीठोक सांगणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. आणि पोलिसांसाठी सांगतो: हरलेला माणूस उशिरा का होईना, ठाण्याची पायरी चढतो. जिंकलेला आपणहून कधीच येत नाही, त्याला वेळेत बोलावून आणावं लागतं.