आधी भिऊन घेऊ

“आधी नीट भिऊन घेऊ, मग हात लावू,” असं म्हणत काका गाडीखाली वाकायचे, टाकीखालच्या जमिनीवर तळहात फिरवायचे आणि तो हात नाकाशी न्यायचे. जोगेश्वरीच्या आमच्या नाक्यावर ते गाड्यांचं वायरिंग करायचे. विजेची कामं करणारी माणसं बेफिकीर असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. वायर दातांनी सोलतात. काका मात्र रिक्षाचा हॉर्न बघतानाही आधी बॅटरीची वायर सोडवून तिचा नट खिशात टाकायचे. ते जेवायला घरी गेले की नाक्यावरच्या गाड्या त्यांच्या खिशात अडकून पडत.

भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी एकदा विचारलं, “काका, तुम्ही एवढे घाबरता कशाला?”

“एकदा नव्हतो घाबरलो,” म्हणाले आणि त्यांनी बाही आणखी खाली ओढली.

आमच्या मंडळाचा चित्ररथाचा ट्रक जुना. त्याच्या इंजिनाने मान टाकली तेव्हा दुसऱ्या ट्रकचं इंजिन आणून बसवलं, आणि पाडव्याच्या शोभायात्रेत त्याचं लोकार्पण करायचं अध्यक्षांनी जाहीर केलं. आमचे अध्यक्ष पाणपोईच्या माठाचंही लोकार्पण करतात.

ट्रकला डावी-उजवीकडे दोन टाक्या. पूर्वी टाकी बदलायला खाली वाकून चावी फिरवावी लागे. अध्यक्षांना आता स्टिअरिंगजवळ स्विच हवा होता, लाल दिव्यासकट. काम काकांकडे आलं. त्यांनी समजावलं, “हे इंजिन लागतं त्याहून जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं परत टाकीत सोडतं. टाकी बदलली की दोन्ही वाटा वळल्या पाहिजेत, जाणारी आणि येणारी. जाणारी वळली नि येणारी अडकली, तर एक टाकी सुकणार, दुसरी उतू जाणार. वाट वळवणारे व्हॉल्व जुने आहेत. टाक्या अर्ध्याच ठेवा, एक दिवस फिरवून बघू.”

“पण वायरिंग तुम्हीच केलंय ना?” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणूनच तर भीती वाटते.”

पाडव्याला दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या. अर्ध्या टाकीने शुभकार्य होत नाही, म्हणे. मागे हौद्यात नऊवारी नेसलेल्या लेझीमच्या मुली. त्यांत माझी लेक सई. प्रमुख पाहुण्यांनी स्विच दाबला, डावीवरून ट्रक उजव्या टाकीवर गेला, टाळ्या पडल्या. इंजिन चालूच ठेवून भाषणं सुरू झाली. तुम्ही अशी भाषणं ऐकली असतील. तेवढ्या वेळात टाकीच काय, विहीर भरते.

काका गर्दीतून वाकत ट्रकपाशी आले. डाव्या टाकीखाली त्यांनी हात फिरवला. या वेळी हात नाकाशी न्यावा लागला नाही. तो निथळत होता. डिझेलचा ओघळ ट्रकच्या तोंडाशी मांडलेल्या फटाक्यांच्या माळेकडे सरकत होता, आणि माळेपाशी एक कार्यकर्ता अगरबत्ती घेऊन अध्यक्षांच्या खुणेची वाट बघत उभा.

“विझव ती!” काका ओरडले. भाषणं संपून ढोल सुरू झाले होते, त्यात काय ऐकू येणार? ते धावले आणि सरळ माळेवर बसले.

“आता पेटव मेल्या!”

ढोल थांबले. “काका, डिझेल असं पटकन पेटत नाही हो,” पाहुणे माइकवरून म्हणाले.

“मग काय, पेटायची वाट बघू? इंजिन बंद कर रे! पोरींना उतरवा!”

मी सईला खाली घेतलं. वाहतं डिझेल तिच्या घुंगरांपासून हातभर लांब होतं.

“काका, तुम्ही फटाक्यांवर का बसलात?” तिने विचारलं.

“भीती वाटली गं,” काका म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. उठायला दोघांचा आधार लागला.

नंतर व्हॉल्व नवे आले, आणि काकांनी सगळं वायरिंग उपसून पुन्हा घातलं. दोष व्हॉल्वचा की त्यांचा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोष आपलाच धरून ते चालत राहिले.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. आयुष्यात पहिल्यांदाच भिऊन घ्यायला वेळ मिळाला नाही.

यंदाच्या पाडव्याला ट्रक सजून उभा होता. भाषणाआधी अध्यक्ष एका हाताने फेटा सावरत, धापा टाकत ट्रकखाली वाकले. डाव्या टाकीखाली तळहात फिरवून त्यांनी नाकाशी नेला. मग उजवीकडे गेले.

“पेटवू का साहेब?” अगरबत्तीवाल्याने विचारलं.

“थांब जरा,” वाकलेले अध्यक्ष खालूनच म्हणाले. “अजून भिऊन नाही झालं.”