अकरा पत्रे आणि एक हार

परळच्या एका सोसायटीच्या आवारात रामदास तावडे यांची पंचवीस वर्षांची मारुती उभी असे आणि तिच्या बरोबर वर पाण्याच्या टाकीचा पाइप होता. तो गळून गाडी गंजते, एवढ्या कारणावरून चिटणिसांच्या फायलीत तावड्यांची अकरा तक्रारपत्रे जमली होती. उत्तर एकालाही नाही. पोच मात्र प्रत्येकाची, शिक्क्यानिशी.

गाडीचे त्यांनी काही कमी केले नव्हते. दर रविवारी धुणे, पावसाळ्याआधी चाकांवरचा पत्रा खरवडून गंज रोखणारा रेड ऑक्साइड लावणे, सारे स्वहस्ते. गॅरेजवाले गंज काढत नाहीत, रंगाखाली झाकतात, असे त्यांचे मत होते. तरीही डाव्या सीटपुढचा तळ गंजत चालला होता. सोमवारी फेरनोंदणीची तपासणी होती. पत्र्याला भोक सापडले, तर गाडी भंगारात जाणार होती.

शनिवारी गाडी धुऊन त्यांनी आतले मॅटिंग उचलले. खाली पाणी!

"बघ, टाकीचं पाणी. बारावं पत्र लिहितो."

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई चहा घेऊन उभ्या होत्या. "अहो, पाइप तर कोरडा ठणठणीत आहे. पाणी आत्ता तुम्हीच ओतलंत ना काचेवर?"

तावड्यांनी काचेवर आणखी तांब्याभर पाणी ओतले. आत धार लागली. मग त्यांनी वायपरखालची जाळी उघडली. पाणी बाहेर जाण्याचे भोक काळ्या चिखलाने बुजले होते. चिखलातून दोरा निघाला, आंब्याचे पान निघाले, आणि मग झेंडू, मुठीमुठीने.

दसऱ्याचा हार बॉनेटवर अजून होता. "हार आपसूक सुकान गळाक व्हयो, हातान काढूचो नाय," हा आईने घालून दिलेला नेम पंचवीस वर्षे पाळला गेला होता.

"आता पत्र कोणाला?" कौसल्याबाईंनी विचारले.

तावड्यांनी हार काढून आत आरशाला अडकवला आणि तारेचा ब्रश घेतला. दुपारपर्यंत गंज खरवडला. पत्रा पातळ झाला होता, पण स्क्रूड्रायव्हर टोचूनही आरपार गेला नाही. संध्याकाळी रेड ऑक्साइड, रविवारी वर काळा डांबरी लेप.

सोमवारी तपासनिसांनी मॅटिंग उचलून अंगठ्याने दाबून पाहिले. "नवीन पत्रा टाकलात?"

"जुनाच आहे," तावडे म्हणाले. गाडी पास झाली.

त्याच संध्याकाळी त्यांनी बारावे पत्र लिहिले: आधीची अकरा मागे घेत आहे. चिटणिसांनी सवयीने शिक्का उचलला, तोवर तावडे जिना उतरले होते.