पट्टकादंब, हरभरा आणि सासूबाईंची आरोळी

सलग दोन हिवाळे हुकले होते. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा हंस. तो बेंबळीजवळच्या तलावावर उतरतो असं कळलं आणि यंदा जायचंच ठरवलं. नवरोबांनी ऐन वेळी दुखऱ्या गुडघ्याचं कारण पुढे केलं. सासूबाई म्हणाल्या, "माझं म्हायेर हाय ते. मी येते."

सोलापूरहून पहाटे निघालो आणि तुळजापूरच्या घाटात पाऊस लागला. भर जानेवारीत! हीटर लावला की सासूबाईंना गुदमरायचं, बंद केला की काचेवर वाफ धरायची. धाराशिवला गरम पोहे आणि चहा घेतला, दोघींचं शंभरात भागलं. बेंबळीपर्यंत रस्ता ठीक आहे. पुढची पाणंद काळ्या मातीची, तेव्हा गाडी गावातच ठेवा आणि गमबूट घाला. मी घातले नव्हते. दहा पावलांत एकेका बुटाला किलोभर चिखल चिकटला. सासूबाई चपला हातात घेऊन कधीच पुढे गेल्या होत्या.

तलावाच्या बांधावर छत्रीखाली दोन तास बसलो. थंडीनं बोटं वाकेनात. दिसलं काय, तर दोन बगळे आणि एक चिडलेली टिटवी.

"आई, हंस आले की अजिबात बोलायचं नाही हं."

"मी कशाला बोलते?" सासूबाईंनी भाकरीचा डबा उघडला.

तेवढ्यात वरून कलकलाट आला. पंचवीस-तीस हंस आले आणि तलावाऐवजी शेजारच्या हरभऱ्यात उतरले. दुर्बीण लावली तर काचा धुरकट. ओढणीनं पुसायला गेले तर ओढणीच भिजलेली.

आणि कानाशी आरोळी उठली, "हाऽऽ हुर्रऽऽ!" पाठोपाठ डब्याच्या झाकणावर चमचा. सासूबाईंचं लहानपण ज्वारी राखत शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, गेलेलं. पिकात पाखरू दिसलं की त्यांचा हात थांबत नाही. सगळा थवा उडाला.

"आई!" मला खरंच रडू फुटलं.

"अगं, कुनाचं तरी पीक हाय. खाऊ द्यायचं व्हय?" त्या अजून तावातच होत्या. मग माझं तोंड बघितलं आणि चमचा हळूच डब्यात ठेवला.

हंसांनी मात्र वळसा घेतला आणि आमच्या डोक्यावरून गेले, इतके खालून की पंखांचा आवाज ऐकू आला. वळताना माना तिरक्या झाल्या. पांढरं डोकं, मागे दोन काळे पट्टे. दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत होती.

येताना धाराशिवचे गुलाबजाम घेतले.

फोटो एकही नाही. बूट अजून बाल्कनीत वाळतायत. दुसऱ्या दिवशी मी पक्ष्यांची वही उघडली, तशा त्या जवळ आल्या.

"काय लिव्हलंस?"

वाचून दाखवलं, "पट्टकादंब, पंचवीस-तीस, उडताना. सासूबाईंनी उठवले, म्हणून दिसले."

त्या वहीकडे बघत राहिल्या. "पुढच्या सालाला डबा घरीच ठिवते," म्हणाल्या. आणि दारापर्यंत जाऊन वळल्या.

"पर हरभरा वाचला की न्हाय?"