एका ताऱ्याची दोन रूपं

समुद्रकाठच्या पाली गावच्या लिओनार्ड कोळ्याची थोरली लेक सेलीन गिरगावात एका फोटो स्टुडिओत काम करायची. भिंतीवर चित्र पाडणाऱ्या मॅजिक लँटर्नच्या काचा बनवण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी खांबेटे नावाचे प्राध्यापक व्याख्यानासाठी दोन काचा करून घ्यायला आले. सोबत परदेशी मासिक होतं, आणि त्यात आकाशातल्या एका ढगाचे दोन फोटो. पहिली काच झकास उतरली. फाटक्या जाळ्यासारखे धागेच धागे. दुसरीत मात्र नुसता गुळगुळीत उजेड, धाग्याचा पत्ता नाही. सेलीननं काच पुन्हा केली. तेच.

"सर, माझ्याकडून बिघडली बहुतेक," ती म्हणाली.

"बिघडली नाही. दोन्ही एकाच ताऱ्याचे अवशेष आहेत. नऊशे वर्षांपूर्वी तो फुटला, तेव्हा दिवसाढवळ्या दिसत होता. पहिला फोटो तांबड्या प्रकाशातला. दुसरा त्याच्याही पलीकडच्या, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातला."

सेलीननं दोन्ही काचा शेजारी शेजारी धरल्या. म्हणजे धागे आणि उजेड एकाच जागी आहेत, फक्त एका वेळी एकच दिसतो? मग दोन्ही एकत्र कसे दिसत असतील? प्राध्यापकांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांना विचारून तिनं काचांची आणखी एक जोडी स्वतःसाठी केली, स्टुडिओचा लँटर्न उसना घेतला आणि रविवारी पाली गाठली.

चर्चमधली मिसा, रविवारची प्रार्थना, आटोपल्यावर तिथल्या शाळेच्या खिडक्यांवर शिडाचं कापड बांधलं आणि मिसेला आलेले लोक बाकांवर बसले. चर्चचा एक लँटर्न होताच; तो तिनं बापाच्या हाती दिला. धाग्यांच्या काचेपुढे तिनं लाल जिलेटीनचा पारदर्शक कागद धरला, उजेडाच्या काचेपुढे निळा. भिंतीवर दोन ढग उमटले.

"ही दोन येगली हायत," लिओनार्ड म्हणाला.

"न्हाय, बाबा. तुमचा लँटर्न मागं घ्या. आता जरा डावीकडं."

ढगाभोवतीच्या ताऱ्यांचे लाल ठिपके निळ्या ठिपक्यांकडे सरकू लागले. एक तारा जुळला, जांभळा झाला. मग दुसरा. मग एकदम सगळे. आणि त्या निळ्या उजेडाला चहूकडून लाल धाग्यांनी कवेत घेतलं.

बाकांवरचे लोक उभे राहिले. लिओनार्डनं लँटर्न घट्ट धरून ठेवला होता. "हालवू नका कुनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "बगू द्या."

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या सभागृहात प्राध्यापकांनी दोन लँटर्न मांडले. ते चालवायला त्यांनी सेलीनला बोलावलं, आणि दुसऱ्या लँटर्नपाशी तिनं बापाला उभं केलं.