फळीमामांची गाडी

फळीमामांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलं की प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी पाण्याच्या काठावर काढली, पण घोट्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाही. आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी काय घेतलं, तर वाऱ्यावर पाण्यातून पळणारी, शीड लावलेली फळी. "जो पडते त्याले पोहनं लागते," ते म्हणत. "आपल्याले उभं राहाचं हाय."

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. राहायला डोणगावला. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात हे त्यांना मी सांगितलं. मी मेहकरच्या शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे अशी माहिती पुरवणं घरात माझ्याकडेच असतं. मामांनी तो शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिला आणि सोडून दिला. गावाने तिला फळी म्हटलं आणि त्यांना फळीमामा. त्यांचं खरं नाव पुढे फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं.

फळी आली गोव्याहून. मामी तिथे देवळं पाहत होत्या आणि मामा किनाऱ्यावर बसून एका माणसाकडे पाहत होते. तो माणूस पाण्यावर उभा होता, कुठेतरी चालला होता, आणि पाय मात्र हलवत नव्हता. मामांना त्यातलं हेच फार आवडलं. "मी जिंदगीभर कालव्यानं पायी चाललो," ते मला नंतर म्हणाले, "अन् हा बुवा नुसता उभा राहून चालला." शेजारी एक दुकान बंद होत होतं. त्यातली जुनी फळी मामांनी उचलली आणि नारळाच्या ट्रकवर टाकून वऱ्हाडात आणली. एकदा तरी धरणाच्या या काठावरून त्या काठाला उभ्याने जायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. त्यापुढे त्यांना काही नको होतं.

फळी बारा फूट लांब. ती एसटीच्या टपावर घ्यायला कंडक्टर तयार होईना, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मग मामा खामगावला गेले आणि एका बेकरीची खारी-टोस्ट पोचवणारी जुनी गाडी घेऊन आले. बंद बॉडी, पांढरा रंग, खिडकी एकही नाही, मागे दोन दारं. मामींनी ओट्यावरूनच पाहून सांगितलं, "हे मुर्दा न्यायाची गाडी हाय. मी नाई बसत त्याच्यात." मामा वाद घालत नसत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला आणि गाडीच्या दोन्ही अंगांना निळ्या लाटा काढून घेतल्या. पेंटरने समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्या लाटा कपाशीच्या सऱ्यांसारख्या सरळ आल्या. मामी बसू लागल्या.

गाडीचं आतलं काम महिनोन् महिने चाललं. खिडक्यांचं माप मामांनी आत उभं राहून, मान वाकवून दिलं, आणि मिस्त्रीने त्या बरोबर तिथेच कापल्या. बसल्यावर खिडकीतून फक्त आभाळ दिसायचं. "वारा पाहाले आभाळच लागते," मामा म्हणाले. फळी आत मावेना, म्हणून मागची पार्टिशन कापून तिचं नाक पुढच्या दोन सीटांच्या मधून काढलं. ड्रायव्हर एका बाजूला, मामी दुसऱ्या बाजूला आणि मधे फळीचं नाक, असा त्यांचा संसार त्यानंतर चालला. मामी त्यावर चहाचा कप ठेवत, शेंगा सोलत, आणि रागावल्या की त्या बाजूला पाठ करून बसत.

पलंग मात्र मामांनी स्वतः केला. ते चांगलेच उंच होते आणि नोकरीत विश्रामगृहाच्या खाटांवरून त्यांचे पाय कायम बाहेर राहिले होते. हा पलंग त्यांनी जमिनीवर आडवं पडून, डोक्याशी आणि टाचांशी खडूने रेघ मारून बेतला. पलंगाखाली शेगडी, परात आणि गोवऱ्यांचं पोतं. आमच्याकडे सहकुटुंब बाहेर मुक्काम करायचा म्हणजे रोडगे आलेच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरण आणि वांग्याची भाजी करायची, आणि झाडाखाली बसून जेवायचं. त्यामुळे गाडीला वरून टोस्टचा आणि खालून गोवरीचा वास येई. खेड्यात शिरली की बाया पोरांच्या हाती पैसे देऊन पावासाठी पाठवत. मामा मग खरंच पाव बाळगू लागले.

एवढं सगळं झाल्यावर मामा धरणावर लगेच गेले असतील असं कुणाला वाटेल. पण आमच्या भागात एखादी गाडी कुठे निघाली आहे ही बातमी गाडी सुरू होण्याआधी गावभर होते, आणि मग दाराशी माणसं येतात. "मामा, मेहकरले जाऊनच राह्यले तं आमच्या बुढीले दवाखान्यात सोडून द्या." "जाऊनच राह्यले तं एवढं बियाण्याचं पोतं घ्या." मामा कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत. मी एकदा चिडून विचारलं की धरण उजवीकडे असताना आपण डावीकडे का चाललो आहोत. "गाडीत जागा असून नाई म्हनलं तं मले जेवन जात नाई," ते म्हणाले. अशाने ती गाडी बारशांना गेली, साखरपुड्यांना गेली, एकदा तर लोणारला सरोवराच्या काठापर्यंत जाऊन एका जावयाची समजूत काढून परत आली. मुक्कामाच्या ठिकाणी पलंगही कुणाची म्हातारी नाहीतर कुणाची लेकुरवाळी घ्यायची. मामा चटई घेऊन गाडीच्या टपावर जात. आपल्या मापाच्या त्या पलंगावर ते एकदाही झोपलेले मला आठवत नाहीत.

दुसरी अडचण निसर्गाची होती आणि ती मी भूगोलाचा मास्तर असून माझ्या लक्षात आली नव्हती. आमच्याकडे वारा सुटतो आषाढात, तेव्हा धरणाचा तळ दिसत असतो आणि त्यात बकऱ्या चरतात. धरण भरतं पोळ्यानंतर, तेव्हा वारा पडलेला असतो. "मामा, तुम्ही सगळी नोकरी त्याच धरणावर केली, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं. "मालूम होतं," मामा म्हणाले. "पन तवा मले फळीचं काम नोयतं."

मग त्यांनी सराव शेतात सुरू केला. सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्याच्या, ढिगावर फळी ठेवायची, तिच्यावर शीड धरून उभं राहायचं आणि आषाढाचा वारा येऊ द्यायचा. कमरेला ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची फुगवलेली ट्यूब असे. पहिल्या वर्षी ते पंधरा-वीस वेळा कुटारात गाडले गेले. बांधावर बसून पाहणाऱ्यांसाठी मामी चहा करून पाठवत, कारण घराशी आलेला माणूस बिनचहाचा कसा जाईल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मामा पडेनासे झाले. वारा अंगावर घेऊन ते ढिगावर ताठ उभे राहत, नजर समोर तुरीच्या शेताकडे. पाहणारे कंटाळून उठून गेले, मी मात्र बांधावर बसून राहायचो.

आणि एका वर्षी पाऊस लवकर आला. धरण पोळ्याआधीच काठोकाठ भरलं आणि वारा जायचं विसरला. मामांचा फोन आला. ते हळू बोलत होते, जसं काही मोठ्याने बोललं तर बिनसेल. "भाच्या, दोन्ही हायेत. ये."

मी पोचलो तेव्हा गाडीत आधीच एक गुडघेदुखीची आजी, एक बकरी, तिची मालकीण आणि मुलगी पाहायला निघालेली मंडळी नवरदेवासकट बसली होती. आजीला दवाखान्यात उतरवलं. बकरी आणि मालकीण तिच्या माहेरी उतरल्या. मुलीच्या घरी आम्हालाही आत बोलावलं, आणि पोहे खाल्ल्याशिवाय कोणी उठू देईना. वेळ वाचावा म्हणून मामांनी ट्यूब निघतानाच कमरेला चढवली होती. ती घालूनच ते बैठकीत बसले. मुलीच्या वडिलांनी बराच वेळ पाहून हळूच विचारलं, "हे पाव्हने कोन?" नवरदेवाचे काका म्हणाले, "गाडीवाले." तेवढ्याने त्यांचं समाधान झालं. पुढे ते लग्न जमलंही.

धरणावर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं, पण वारा होता. मामींनी काठावर गोवऱ्या पेटवल्या आणि कणीक मळायला घेतली. मी आणि मामांनी फळी पाण्यात ढकलली. मामा चढले, शीड ओढून उभं केलं, वारा आत शिरला आणि ते निघाले. ते पडले नाहीत. तीच पुढे अडचण झाली, कारण कुटारावर वळायचं कसं हे ते कधी शिकलेच नव्हते. ढीग कुठे जात नसल्यामुळे गरजच पडली नव्हती.

मामी कणकेच्या हाताने उभ्या राहिल्या. मामा लहान लहान होत चालले होते.

"वळून काऊन नाई राह्यले?" त्यांनी विचारलं.

"त्यांना वळता येत नाही, मामी."

"मंग?"

"आता पलीकडेच जातील."

मामींनी परातीवर फडकं झाकलं. धरणाला वळसा घालून पलीकडे जायचं म्हणजे दोन-तीन गावं पालथी घालायची, गाडी चालवणारे मामा पाण्यावर, आणि मला तेव्हा स्कूटरपलीकडे काही येत नव्हतं. "सरक," मामी म्हणाल्या आणि स्टिअरिंगवर बसल्या. लग्नाआधी त्या बापाचा ट्रॅक्टर चालवत, हे मला त्या दिवशी कळलं. गाडी त्यांनी सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये हाणली. फळीच्या रिकाम्या जागेकडे त्या सारख्या पाहत होत्या, आणि स्टिअरिंगला कणीक लागली होती.

पलीकडच्या गावात सप्ताह उठला होता आणि मारुतीच्या देवळापुढे पंगत बसली होती. शीड दोन बांबूंना बांधून वाढप्यांवर सावली केली होती. ट्यूब देवळाच्या खुंटीला. पंगतीत मधोमध, ओल्या कपड्यांनी, मामा बसले होते आणि त्यांच्या पानात दुसऱ्यांदा वरण पडत होतं.

"बसा," ते आम्हाला म्हणाले. "वरन चांगलं झालं."

मामी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "भेव नाई वाटलं?"

"वाटलं ना. पन हात सोडले असते तं पडलो असतो. मंग धरूनच ठेवलं." मग त्यांनी पानात खाली पाहिलं. "पाय नाई हालवला मी. शेवटलोक नाई हालवला." त्यांचे डोळे भरून आले होते. मामी त्यांच्या शेजारी पंगतीत बसल्या. परत निघताना त्या गावची माणसं गाडीशी आली, कारण आम्ही मेहकरकडे जाऊनच राह्यलो होतो, आणि फळी त्यांच्या मांडीवरून आली.

त्यानंतर पाणी आणि वारा पुन्हा एकत्र आले नाहीत. मामांची त्याबद्दल तक्रार नव्हती. मी गाडी शिकलो, मामा शेजारी बसू लागले आणि फळीचं नाक थोपटत गप्पा मारू लागले. मग छातीचं दुखणं निघालं. अकोल्याच्या दवाखान्यात ते थोडेच दिवस होते आणि एका सकाळी गेले. दवाखान्यातल्या माणसाने गाडी बोलावू का विचारलं. "आमची हाय," मामी म्हणाल्या. ती गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

मामांना पलंगावर ठेवलं. डोकं इकडच्या कडेला, टाचा तिकडच्या कडेला. माप बरोबर होतं. मामी त्यांच्याजवळ मागे बसल्या, मी चालवायला. पातूरच्या पुढे एका फाट्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी उभी होती. तिने लाटा ओळखल्या असाव्यात, कारण तिने हात केला. मी तसाच पुढे निघालो.

"थांबव," मामी मागून म्हणाल्या. "जाऊनच राह्यलो तं घे तिले."

म्हातारी मागे चढली. तिने पलंगाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पेशंट हाय का वो बाई? लय गाढ झोपले."

"हाव," मामी म्हणाल्या. "आजच झोपले इथीसा. नाई तं कोनाले तरी जागा देऊन वरतेच झोपत."

म्हातारीने चादरीचं टोक त्यांच्या पायांखाली नीट खोचलं. पुढचा सगळा रस्ता ती प्रत्येक खड्ड्याला मला मागून दटावत होती, "हळू चालव बापा, उठतीन ते." मी हळू चालवली. डोणगावच्या अलीकडे ती उतरली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि दारातून पुन्हा एकदा आत वाकली.

"उठले का सांगजो त्याईले," ती मामींना म्हणाली, "बुढीनं दुवा देल्ली म्हनून."

"सांगतो," मामी म्हणाल्या.