फुंकरबाईंचा दम

फुंकरबाईंचं खरं नाव दवाखान्यात कुणालाच आठवत नसे. तिसऱ्या मजल्यावर छातीच्या तपासणीच्या खोलीत त्या सव्वीस वर्षं माणसांना नळीत फुंकायला लावत होत्या. नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात द्यायची आणि ओरडायचं, "फुंका, फुंका, फुंका! अजून! सोडू नका, शाबास!" आवाज थेट तळमजल्यावरच्या औषधांच्या खिडकीपर्यंत जाई. तिथल्या रांगेतली माणसंसुद्धा नकळत गाल फुगवत.

लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद. त्यामुळे वर येणारा जो तो धापा टाकतच यायचा. फॉर्मवर मात्र चौकोन एकच, 'धाप लागते: होय / नाही'. सगळेच होय. म्हणून फुंकरबाई समासात आपलं वेगळं काहीतरी लिहीत.

"हे काय लिहिता हो?" नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं. "दम, कोंडणं, गुदमरणं... सगळं एकच ना?"

"एक कसं? जिना चढून लागतो तो दम. बसलं की जातो. बसल्या बसल्या लागते ती धाप, ती तुमच्याकडची. धुरात माणूस गुदमरतो, खिडकी उघडली की सुटतो. पण घुसमटतो ना, त्याला खिडकीचा काही उपयोग नाही." त्या जवळ सरकल्या. "कालची ती बाई. ग्राफ अगदी नीट, तरी म्हणते घुसमटतं. घरी कोण असतं, विचारलं. नवरा परवाच निवृत्त झालाय. दिवसभर ओट्याशी उभा राहून सूचना देतो."

"मग मी काय औषध देऊ?"

"नवऱ्याला नोकरी."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. पुढच्या आठवड्यात फॉर्मवर पाच चौकोन आले.

त्याच दिवसांत काचकारखान्यातला एक कारागीर वार्षिक तपासणीला आला. लांब नळीतून फुंकून प्रयोगशाळांसाठी चंबू बनवणं हा त्याचा धंदा. पन्नाशी उलटलेला, एकटा. त्यानं फुंकलं आणि ग्राफची रेघ पडदा सोडून वर निघून गेली. फुंकरबाई ओरडायच्या थांबल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

"तक्रार काही?"

"दम लागतो," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा हजर. कारखान्याची चिठ्ठी नाही, काही नाही. या वेळी म्हणे ऊर धपापतो. रेघ पुन्हा पडद्याबाहेर.

"अहो, तुमच्या एका फुंकरीत मोटारीची चाकं भरतील!" बाई करवादल्या.

तिसऱ्या खेपेला म्हणाला, "श्वास अडकतो."

"कधी?"

"या दाराशी आलं की."

"तीन मजले चढल्यावर अडकणारच."

"आज लिफ्ट चालू आहे, बाई. लिफ्टनंच आलो."

तो नमस्कार करून गेलासुद्धा. पुढचा म्हातारा नाकाला चिमटा, तोंडात नळी असा सज्ज बसला होता. बराच वेळ झाला तरी बाईंची नजर दारावरून हलेना, तेव्हा तो गेंगाण्या आवाजात म्हणाला, "बाई, फुंकू का?"

बाई घरी आल्या तेव्हा धाकट्या बहिणीनं दार उघडलं. "ताई, धावत आलीस?"

"नाही गं."

"मग धापा कसल्या टाकतेस?"

"ही धाप नाही."

"मग काय आहे?"

ताईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "शब्दच सापडत नाही."

"तुला?" बहीण मटकन खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली. ताईही हसू लागल्या. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. भाजी करपली.

रविवारी बाई त्या कारागिराचा काचकारखाना बघायला गेल्या. भट्टीतला लालभडक गोळा नळीच्या टोकावर घेऊन तो फुंकू लागला, तशा बाई सवयीनं गरजल्या, "फुंका, फुंका, अजून!" त्याला फुंकता फुंकता हसू फुटलं. चंबू ढेरपोट्या निघाला, तोही एका बाजूनं सुजलेला.

"हा कुठली प्रयोगशाळा घेणार?" बाई म्हणाल्या.

"आपल्या घरी ठेवू," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून कानापर्यंत लाल झाला.

"ठेवू," बाई म्हणाल्या.

त्यांना एकावन्नावं लागलं होतं. महिनाभरात लग्न झालं. आता सुटीच्या दिवशी दोघं तळ्यावर होडी भाड्यानं घेतात. वल्हवता एकालाही येत नाही. तो डावीकडे ओढतो, त्याही डावीकडेच, आणि होडी एकाच जागी गरागरा फिरत राहते. काठावरचे लोक ओरडून उपाय सांगतात. या दोघांना हसण्यातून सवड असेल तर ऐकतील.