चढावर बोलायचं नाही

विलास जाधव गेल्याची बातमी मला एका अनोळखी पोलिसाने फोनवर दिली. ऑक्टोबरातला रविवार होता, सकाळचे दहा वाजून गेले होते आणि मी हर्नडनच्या ऑफिसात बसून दोन हजार साल उजाडताच संगणक बंद पडतील या धास्तीने आलेलं काम उपसत होतो. पोलिसाने आधी माझ्या नावाशी झटापट केली, मग विचारलं की तुम्ही सायकल चालवणाऱ्या एका भारतीय माणसाला ओळखता का. विलासच्या सीटखालच्या पिशवीत एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर माझा नंबर. ब्लूमाँटच्या अलीकडे, जंगलातल्या चढावर, तो रस्त्याकडेच्या दगडी कुंपणाला टेकून बसलेला एका बाईंना दिसला. सायकल शेजारी नीट उभी केलेली होती. बाईंना वाटलं, दमून बसला असेल. त्या दुकानात जाऊन परत आल्या तेव्हाही तो तसाच बसलेला होता... हृदय थांबलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. त्या रविवारी मी त्याच्याबरोबर असायला हवं होतं. शनिवारी फोन करून मीच कॅन्सल केलं होतं.

सहा वर्षं आम्ही दर रविवारी बरोबर सायकल चालवली. हर्नडनमधून एक जुना रेल्वेमार्ग जातो. रूळ काढून त्याचा सायकलरस्ता केलेला आहे. तिथेच आमची ओळख झाली. माझ्या चाकातली हवा गेली होती आणि मी रस्त्याच्या कडेला बसून तिला अस्सल पुणेरी शिव्या देत होतो. मागून आलेला एक माणूस सायकलवरून उतरला, त्याने न बोलता आपला पंप पुढे केला आणि हवा भरून झाल्यावर म्हणाला, "शिव्यांनी भरली असती, पण वेळ लागला असता." हा विलास. मूळचा दौंडचा, वडील रेल्वेत, हा इकडे पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर. पुढच्या रविवारपासून आम्ही सकाळी सहाला भेटायला लागलो, घरी नव्हे, त्या सायकलरस्त्यावरच. तिथून पश्चिमेला गेलं की तासाभरात वस्ती संपते, मग दगडी कुंपणं, घोड्यांची कुरणं, आणि त्यापुढे डोंगर आणि झाडी. मी बडबड्या माणूस, पण सायकलवर मला दम पुरत नाही. म्हणून मीच नियम केला होता, चढावर बोलायचं नाही. आता गंमत अशी, की तिकडचे सगळे रस्ते चढाचेच. उतारावर वारा कानात शिरतो, तिथेही बोलणं होत नाही. एवढी शांत मैत्री मी जन्मात कुणाशी केली नव्हती, आणि तिचा मला अभिमान होता.

फ्रान्सची टूम त्याची. त्याने कुठून तरी तिथला एक मोठा कागदी नकाशा पैदा केला. त्यात महामार्ग लाल, मधले रस्ते पिवळे आणि सगळ्यांत बारके रस्ते पांढरे होते. "आपण फक्त पांढऱ्यांवरून जायचं," तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आम्ही खरोखरच गेलो, मोर्वां नावाच्या डोंगराळ भागात, आठ दिवस. ओक आणि बीच या झाडांची दाट जंगलं, रस्त्यालगत रचून ठेवलेली लाकडं, पांढऱ्या गाई, तासन् तास एक मोटार नाही. दुपारी बारा वाजले की गावातली दुकानं बंद, हे आम्हाला तिसऱ्या दिवसापर्यंत कळलं नाही. दोनदा रस्त्यातल्या अक्रोडांवर आणि ब्लॅकबेऱ्यांवर जेवण झालं. साखळीचा आवाज आणि आमचा श्वास, एवढंच ऐकू यायचं. एकदा एका तळ्याकाठी बसलो असताना तो म्हणाला, "नंदू, इथे आपल्याला कुणीच ओळखत नाही यार. किती हलकं वाटतं." मी म्हटलं, ऑफिसचा पेजर वाजत नाही ना, म्हणून. तो हसला. एका लांब चढावर तो जोर करून माझ्या शेजारी आला आणि म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं." मी धापा टाकत हाताने खूण केली, नियम म्हणजे नियम. तो मागे राहिला. वर पोचल्यावर मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

घरी त्याने मला दोनदा जेवायला बोलावलं होतं, दोन्ही वेळा चौदा एप्रिलला. दोन्ही वेळा मी म्हटलं, "अरे चौदाला कसं जमेल? दुसऱ्या दिवशी टॅक्स भरायची शेवटची तारीख!" तिसऱ्या वर्षी त्याने बोलावलं नाही. चौदा एप्रिल हा कसला दिवस, हे शाळेत असल्यापासून मला ठाऊक आहे. तरी माझ्या डोक्यात टॅक्सच आला. आमच्या घरी कुणाची जात विचारायची नाही असं वळण होतं. वडील तसे सुधारकी आणि मी त्यांचा मुलगा. जाधव म्हणजे कुणीही असू शकतो, आणि मी ते 'कुणीही'वर सोडून दिलं होतं. न विचारण्यात माझी सोय किती आणि मोठेपणा किती, हा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही पडला नाही.

तो गेला तेव्हा शोभावहिनी, त्याची बायको, आईच्या आजारपणासाठी भारतात होत्या. मुलगी सुजाता कॉलेजातून गाडी चालवत आली. मी सगळी सूत्रं हातात घेतली. दुसरं काय करणार? रविवारी बरोबर नव्हतो, निदान आता तरी कामाला येऊ, असं काहीतरी मनात होतं. अंत्यसंस्काराच्या जागेशी बोललो, वेळ ठरवली आणि आमच्या ओळखीच्या गुरुजींना फोन केला. ते आठवडाभर प्रोग्रॅमर आणि सुटीच्या दिवशी पौरोहित्य करणारे सज्जन गृहस्थ. माझ्या आईच्या श्राद्धालाही तेच येतात. सुजाताला मी ते कळवलं तेव्हा ती म्हणाली, "काका, आय डोन्ट थिंक डॅड वुड..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तू काळजी करू नकोस बाळ, मी बघतो सगळं," असं म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, इथे जन्मलेली पोर, तिला आपल्यातलं काय कळणार. 'आपल्यातलं' हाच शब्द माझ्या मनात आला होता. तो आठवला की अजून कानशिलं तापतात.

वहिनी विमानतळावरून थेट तिथेच आल्या. पांढरी साडी, डोळे कोरडे. गुरुजींनी एका टेबलावर दर्भ, तीळ, पिंडांचं साहित्य मांडून ठेवलं होतं. मागे सातआठ माणसं बसली होती, मेरीलँडहून आणि न्यू जर्सीहून आलेली. त्यांतलं कुणीच माझ्या ओळखीचं नव्हतं, याचंही मला नवल वाटलं नाही. गुरुजींनी विचारलं, "गोत्र काय?" मी वहिनींकडे पाहिलं.

"गोत्र नाही," वहिनी म्हणाल्या. "आम्ही बौद्ध आहोत." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "भाऊजी, ह्यांनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

गुरुजींनी सगळं आवरलं, टेबल पुसलं, आणि निघून न जाता मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. माझ्यापेक्षा त्यांना जास्त समज होती. वहिनींनी पर्समधून बुद्धाची लहान मूर्ती काढली, कुणीतरी मेणबत्ती लावली. ती सातआठ माणसं पुढे आली आणि त्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. सुजातानेही म्हटलं, एकही शब्द न अडखळता. मी हात जोडून उभा होतो. नंतर त्यांतले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. "तुम्ही नंदू ना? विलास फार बोलायचा तुमच्याबद्दल. आम्हाला वाटायचं, तुम्ही एकदा तरी याल." ते चांगुलपणाने बोलले होते. एखाद्याने मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

पोलिसांनी विलासची सायकल माझ्या ताब्यात दिली होती. पाच आठवडे ती माझ्या गॅरेजमध्ये राहिली. ती परत द्यायला परवा मी पहिल्यांदा त्याच्या घरात गेलो. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती, ताजी फुलं होती. आणि तसबिरीच्या खाली, फ्रेम करून लावलेला, फ्रान्समधला एक फोटो. त्यात ना जंगल, ना तळं, ना आम्ही दोघं. एका खेड्याच्या चौकातला दगडी खांब, पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावकऱ्यांची नावं कोरलेला.

सुजाता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "काका, ट्रिपचे पाच रोल होते. डॅड फ्रेम्ड ओन्ली धिस वन. आईलापण माहीत नाही, का ते. डू यू नो?"

मला माहीत होतं. तिथल्या प्रत्येक गावात असा खांब असतो आणि विलास प्रत्येक ठिकाणी उतरून सगळी नावं वाचायचा, मी पुढे कुठेतरी चुळबुळत थांबायचो. या फोटोतल्या गावात मात्र त्याने मला हाक मारून बोलावलं. एका नावावर बोट ठेवून तो म्हणाला, "आमच्याकडेपण असा खांब आहे. आमच्या माणसांची नावं कोरलेला. वडील दर एक जानेवारीला दौंडहून घेऊन जायचे, मला खांद्यावर बसवून. कोरेगावला, भीमेच्या काठी. तुझ्या पुण्यापासून तासाभरावर." एवढं बोलून तो थांबला. बोट तसंच दगडावर होतं. चढ नव्हता, वारा नव्हता, आम्ही दोघंही उभे होतो. तो माझ्या विचारण्याची वाट पाहत होता... हे सगळं मी सुजाताला सांगितलं.

"कोरेगाव," ती म्हणाली. "आय वेंट देअर विथ डॅड. आय वॉज नाइन." फोटोवरची नजर तिने काढली नाही. मग म्हणाली, "अँड व्हॉट डिड यू से?"

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. खोटं सांगणं सोपं होतं, आणि त्या पोरीला ते हवंही होतं.

"मी म्हटलं, चल, ऊन चढतंय."